अर्ध्या खांबापर्यंत

शनिवार, १४ फेब्रुवारी. महाशिवरात्रीचा आदला दिवस. गावाबाहेरचा मठ, दक्षिणेची रांग.

हजर: मी. माझा धाकटा भाऊ. भावजय. शेजारच्या काकू. मठात दिवा लावणारे गुरवबाबा. ज्यांचे खण अजून उभे आहेत त्या घरांतल्या बायका, आपापले खराटे आणि बादल्या घेऊन.

गैरहजर: काकूंचा मुलगा.

ही नोंद मी त्याच दिवशी केली. आदिलाबादला आमचं भांड्यांचं दुकान आहे. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मी दिवसाची कामं लिहून काढते आणि झालेल्या कामावर रेघ मारते. माहेरी गेले तरी ही सवय सुटत नाही. बाकीचं आता लिहिते आहे, कारण जून लागला आहे आणि एका कामावर रेघ मारायची राहिली आहे.

आधी मठ कसा आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं माहेर तामसीच्या बाजूला आहे. बसमधून उतरलं की कापसाच्या शेतांतून जी पायवाट जाते ती मठाशीच संपते. मठ कोणी बांधला हे गावात कोणाला सांगता येत नाही. एका रात्रीत झाला, कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेलं, असं आम्हाला लहानपणी सांगत. प्रत्येक जुन्या देवळाबद्दल असंच सांगतात. दारावरच्या दगडात दोन ओळी कोरलेल्या होत्या, त्या तेल-शेंदरानं बुजल्या. एकदा शहरातून कोणी जाणकार आले होते. त्यांनी त्यावर कागद धरून कोळसा घासून पाहिला. अक्षर काही लागलं नाही. बांधणी यादवांच्या काळातली वाटते, एवढं बोलून ते चहा पिऊन गेले.

मधे चौक. पूर्वेला दार. पश्चिमेला पिंडीचा गाभारा आणि त्याच्यापुढे महंतांची बैठक. उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशा ओवऱ्यांच्या दोन रांगा. ओवरी म्हणजे पुढून उघडी, मागे भिंत, दोन खांबांमधली जागा. आम्ही तिला खण म्हणतो. प्रत्येक खणाच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार आहे आणि आत कोठडी. कोठडीत माणूस आडवा होऊ शकतो, ताठ उभा राहू शकत नाही. दिव्यापुरता एक कोनाडा, बाकी काही नाही. बैरागी तिथे झोपायचे. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं त्या कोठड्यांत जाऊन पालथी पडायचो. बाहेर शेतातली ढेकळं भाजत असायची आणि आत पोटाखालचा दगड गार लागायचा.

खांब खाली चौकोनी, मग आठकोनी, वर गोल, आणि माथ्यावर चारी दिशांना हात पसरल्यासारखा दगड. त्या हातांवर तुळया. तुळयांवर छताच्या फरश्या, एकीवर एक तिरकी ठेवून चौकोन लहान लहान करत नेलेला, आणि शेवटच्या फरशीवर कमळ. कुठेही चुना नाही, लोखंड नाही. दगडाला दगडाची खाच आणि वरून वजन. वडील म्हणायचे, हे घर कोणी बांधलेलं नाही, हे एकमेकांवर रेललेलं आहे. एका खांबाच्या माथ्यावर दोन तुळयांची टोकं बसतात, अर्ध्यावर एक आणि अर्ध्यावर दुसरी. म्हणजे प्रत्येक खांब दोन खणांचा.

आणि प्रत्येक खण एका घराचा. ही आमच्या गावची रीत. बैरागी होते तेव्हा एकेका घराचा शिधा एकेका खणात जायचा. तुमच्या घरच्या ज्वारीवर कोण जेवतो हे तुम्हाला माहीत असायचं. निजामाच्या काळात मठाला इनाम जमीन होती असं म्हणतात. शेवटचे महंत गेले, मागे चेला राहिला नाही, जमीन कागदोपत्री इकडची तिकडे झाली. शिधा बंद झाला. पण खण ज्याचा त्याचा राहिला. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घर आपला खण धुतं.

त्याचे नियम आहेत. खालची फरशी, भिंत आणि कोठडी बाईनं धुवायची. छतावर चढून गवत उपटायचं, सांध्यांतलं रोप काढायचं, हे घरच्या मुलानं. पिंपळाचं रोप निघालं तर ते तोडायचं नाही, मुळासकट काढून ओढ्याकाठी लावायचं. खांब मात्र मधोमध. तुमच्या बाजूचा अर्धा तुम्ही घासायचा, पलीकडचा अर्धा शेजारच्यांनी. लहानपणी आई मला खराटा देऊन सांगायची, "इथपर्यंत. याच्यापुढं हात नाही न्यायचा." दुसऱ्याचा खण धुणं म्हणजे त्या घरात आता पाणी ओतायलाही कोणी उरलं नाही, असं चारचौघांत म्हणणं. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी इतकं वाईट कोणी बोलत नाही.

म्हणून आमच्या मठात अर्धे काळे आणि अर्धे उजळ खांब आहेत. बाहेरच्या माणसाला वाटतं, तशीच कोरणी असेल. आम्हाला ते खांब पाहून कळतं, कोणतं घर गाव सोडून गेलं.

उत्तरेची रांग मी शाळेत असताना पडली. तिथलं एक घर शेत विकून निजामाबादला गेलं. काही वर्षं शिवरात्रीला आले, मग येईनासे झाले. त्यांच्या छतावर उंबर वाढला. सगळ्यांना दिसत होतं. कोणी हात लावला नाही, कारण त्यांचा खण त्यांचा. एका पावसाळ्यात त्यांची तुळई सरकली आणि शेजारचा खण, जो दरवर्षी घासूनपुसून लख्ख असायचा, तो त्यांच्या खणासोबत खाली आला. पुढच्या दोन वर्षांत अख्खी रांग बसली. त्या घरांतल्या बायका अजूनही येतात. ढिगाऱ्यातला आपला दगड ओळखतात, त्याच्यावर पाणी ओततात आणि जातात.

यातून सुटायची एक वाटही रीतीतच आहे. तिला खण सोडणं म्हणतात. घरच्या माणसानं आपल्या खणात उभं राहायचं, शेजारच्या घरच्या बाईच्या ओटीत नारळ घालायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, "आमच्या घरचं आता कोणी येणार नाही. खण तुम्ही सांभाळा." मग तो खण शेजाऱ्यांचा. निजामाबादवाले ते म्हणायला आलेच नाहीत. घर संपलं असं आपल्या तोंडानं म्हणायला कोण बस पकडून येतं?

दक्षिणेच्या रांगेत आमचा खण शेवटून दुसरा. शेवटचा, बैठकीला लागून असलेला, काकूंचा.

काकूंचं आणि आमचं घरही भिंतीला भिंत लावून. त्या तिखट बोलतात आणि गोड खिलवतात. त्यांचे यजमान लवकर गेले. एकच मुलगा, माझ्या भावाच्या वयाचा. दोघं एका शाळेत, एका बाकावर, एका सायकलवर. दोघांनी दुबईला जायचं म्हणून पासपोर्टही एकाच दिवशी काढले. आमच्याकडे आखातातल्या कुठल्याही गावाला दुबईच म्हणतात. ऐन वेळी आमचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून भाऊ थांबला. काकूंचा मुलगा एकटा गेला. बांधकामावर होता. महिन्याला फोन यायचा, पैसे यायचे. कोरोनाच्या वर्षी फोन बंद झाला. एजंट म्हणाला, त्यानं कंपनी सोडली. कंपनीनं उत्तर दिलं नाही. आम्ही कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला, हैदराबादला दिला. एक तेलुगूतलं पत्र आलं, चौकशी चालू आहे. तेव्हापासून ती चालूच आहे.

काकू दरवर्षी खण धुवायला येत. गुडघे धरून, पण येत. फरशी इतकी घासायच्या की आमच्या भावजयीला टोमणे ऐकावे लागत: "पाय वं सूनबाई, मायी फरशी पाय, आन तुयी पाय. तुया खणात बैरागी झोपला असता तं पाठीले मुरमाड लागलं असतं."

पण छत मुलाचं. आणि छताच्या सांध्यात, काकूंच्या आणि आमच्या मधल्या खांबाच्या बरोबर डोक्यावर, काकूंच्या बाजूला, पिंपळ आला होता. पहिल्या वर्षी दोन पानं होती. या वर्षी बुंधा माझ्या मनगटाएवढा झाला. आमच्या बाजूला आलेल्या फांद्या भाऊ दरवर्षी छाटत होता. मूळ तिकडे होतं.

संक्रांतीला गेले तेव्हा मी टेप घेऊन खणात उभी राहिले. तुळईचं टोक खांबाच्या माथ्यावरून चार बोटं सरकलं होतं. फटीतून आभाळ दिसत होतं. ती तुळई आली की आमची येणार, आणि दुसऱ्या बाजूनं बैठकीचा कोपरा येणार, आणि बैठकीवर गाभाऱ्याची भिंत टेकलेली आहे. मी तिथेच कागदावर लिहिलं: शिडी, दोर, लहान करवत (आता नुसतं उपटून निघणार नाही), तुळईखाली टेकू द्यायला दोन जाड लाकडं, चुना. सिमेंट नको, ते दगडाला धरत नाही आणि पाणी कोंडतं. सगळं लिहून झाल्यावर वर एक ओळ लिहिली: काकूंना विचारणे.

संध्याकाळी तिळगूळ घेऊन गेले. काकू ज्वारी निवडत होत्या.

"ये. आता काय मोजून राह्यली व्हतीस मठात? टेप घेऊन गेलती म्हणे."

"काकू, तुमची तुळई सरकली आहे."

"मायं तं सगळंच सरकलं. गुडघा सरकला, दात सरकले. तुया कागदावर मी कितव्या नंबरावर हाय?"

"पहिल्या."

त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबल्या. सूप खाली ठेवलं.

"पिंपळाचं बोलून राह्यली तू."

"हो."

"तो आला की काढंल."

दुकानात गिऱ्हाईक चुकीचा भाव सांगतं तेव्हा मी लगेच बोलते. इथे मला भाव माहीत नव्हता.

"काकू, छतापुरतं भाऊ चढेल. तुमच्या मुलाच्या वतीनं. खण तुमचाच राहील."

"थे चालत नाई, तुले मालूम हाय. उत्तरेच्या रांगेतल्यानं असंच म्हटलं व्हतं, वतीनं करतो म्हणून. गावानं करू देल्लं का? तुया बापानंच नाई म्हटलं व्हतं."

खरं होतं. वडिलांनीच नाही म्हटलं होतं.

"मंग सोड म्हणून राह्यली तू मले खण," काकू म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या. "म्हंजे म्या उभं राहून म्हणावं, कोणी येणार नाई. आन उद्या तो बसमधून उतरला तं? कोण्या खणात उभा राह्यल तो?"

मी सांगितलं, पावसाळ्यात तुळई राहणार नाही. सांगितलं, देवाची भिंतही जाईल. सगळं खरं होतं. त्या ऐकत होत्या आणि बोटांनी खडे वेगळे करत होत्या. शेवटी माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाल्या, "जाय. बस चुकंल तुयी."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्या येतील की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही सकाळीच खण धुवायला सुरुवात केली. भाऊ विहिरीवरून पाणी आणत होता. भावजय फरशी घासत होती. मी आमच्या बाजूचा अर्धा खांब घेतला. काकू आल्या तेव्हा एका हातात काठी, काखेत खराटा, आणि पदराच्या टोकात काहीतरी गोल बांधलेलं. सगळ्या बायकांनी ते पाहिलं. सगळ्यांचे खराटे जोरात चालायला लागले.

काकूंनी आधी पूर्ण खण धुतला. कोठडीत वाकून गेल्या, कोनाडा पुसला. त्यांच्या बाजूचा अर्धा खांब घासला. आम्ही दोघी खांबाच्या दोन बाजूंना होतो, मला त्यांचे हात दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. मग त्यांनी पदर सोडला आणि नारळ काढला.

"सूनबाई, इकडं ये."

भावजय ओले हात पुसत गेली, ओटी पसरली. गुरवबाबा बैठकीवरून उठून आले. काकूंनी नारळ ओटीत ठेवला.

"खण तुमी सांभाळा," त्या म्हणाल्या.

गुरवबाबा हळूच म्हणाले, "बाई, पयलं वाक्यबी म्हणा लागते."

"म्हणते नं. घाई काऊन करता? तुमाले कुठी जा लागते?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काकू उभ्या राहिल्या. ओठ हलले. मग त्या गुरवबाबांवरच उसळल्या.

"येणार नाई म्हणून मी कशी म्हणू? मले का देवानं फोन केला? म्या पाह्यलं का त्याले? कोणी पाह्यलं का? तुमी पाह्यलं?"

"नाई बाई."

"मंग?"

भावजय नारळ ओटीत घेऊन तशीच उभी, तिचे डोळे भरले होते. काकूंनी वर पाहिलं, तुळईच्या टोकाकडे. फटीतून उजेडाची एक पट्टी खाली त्यांच्या धुतलेल्या फरशीवर पडली होती. त्यांनी माझ्या भावाला जवळ बोलावलं. मला नाही, त्याला.

"खरंच पडंल का रे?"

"पडंल, काकू."

"तुमचाबी?"

"आमचाबी."

"आन देवाचा?"

भावानं नुसती मान हलवली. त्याच्या हातात रिकामी बादली होती, ती त्यानं खाली ठेवली नव्हती.

"आमच्या घरचं आता कोणी येणार नाही," काकू म्हणाल्या. शाळेत म्हणतात तसं स्वच्छ म्हणाल्या, गावच्या बोलीत नाही, रीतीचे शब्द होते तसेच. "खण तुम्ही सांभाळा."

मग काठी घेतली आणि निघाल्या. खराटा तिथेच राहिला. मी मागोमाग गेले. त्या घरी गेल्या, अंगणातल्या टाक्याजवळ बसल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायला लागल्या. एक तांब्या, दुसरा, तिसरा. स्मशानातून आल्यावर घेतात तसं.

रीतीत हे नाही. खण सोडल्यावर आंघोळ करायला कोणी सांगत नाही. त्यांनीच सुतक धरलं. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीला त्या मठात आल्या नाहीत. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा. सुतकात देवाला जात नाहीत. मी प्रसादाची केळी घेऊन गेले तर दारातूनच म्हणाल्या, "ठेव तिथं. शिवू नको मले. तुले दुकान उघडा लागते उद्या."

सुतक किती दिवसांचं धरायचं हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. तेराव्या दिवशी भावजयीच्या हातून गायीला घास दिला आणि डोक्यावरचा पदर सरळ करून ओसरीत ज्वारी निवडायला बसल्या. हे मला भावजयीनं फोनवर सांगितलं. सांगताना तिला हुंदका आला. मीही दुकानात गिऱ्हाइकाला पाठ करून उभी राहिले.

शिडी, दोर, करवत, चुना असं सगळं मी शिवरात्रीच्या आठवड्यातच गावी पोचवलं होतं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, माझ्या बसच्या आधी, भावानं शिडी लावली. मी खाली धरली होती. तो वर गेला, पिंपळाच्या बुंध्याला हात लावला. बराच वेळ हात तसाच ठेवला. मग करवत न वापरता खाली आला.

"काकू सुतकात हाय," तो म्हणाला. "सुतक जाऊ दे."

बरोबर होतं. मी तारीख पुढे ढकलली.

सुतक गेल्यावर त्यानं सांगितलं, उन्हाळ्यात मूळ वाळतं, तेव्हा सोपं जाईल. मग हरभरा काढायचा होता. मग म्हणाला, टेकू द्यायला दोघं माणसं पाहिजेत आणि माणसं लग्नात आहेत. मी प्रत्येक रविवारी फोन करत होते. प्रत्येक कारण खरं होतं. भावजय एकदा वैतागून म्हणाली, "ताई, तुमी या आन तुमीच चढा. शिडी मी धरते." मी म्हटलं, येते. पण गुरवबाबांनी सांगितलं, दिलेली लेक आहे, माहेरी खराटा धरला तर चालतं, छत नाही; तिचा खण सासरी. माझ्या सासरच्या गावाला मठ नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी गेले. पिंपळाला नवी तांबूस पानं फुटली होती, काही हिरवी झालेली. तुळई आणखी सरकलेली वाटली. मी टेप लावली नाही. भाऊ खणात बसला होता. त्याचा आणि आता काकूंचाही, दोन्ही त्याचेच.

"काऊन नाही काढत?" मी विचारलं.

या वेळी त्यानं कारण सांगितलं नाही. पायाखालची काडी मोडत राहिला.

"पासपोर्ट मायाबी व्हता," तो म्हणाला. "बाबा आजारी नसते पडले तं आज खण सोडाची पाळी आपल्या घरावर असती. आन करवत त्याच्या हातात असती."

"त्यानं काढला असता."

"व्हय. त्यानं काढला असता. त्याले काम मागं ठेवता येत नव्हतं." तो उठला. "काकूनं तोंडानं म्हटलं. आता म्या कापला तं झालंच नं ताई. मंग मीबी म्हटल्यासारखं व्हते."

मी त्याच्यावर रागावले नाही. रागावून उपयोग नव्हता आणि मला रागही आला नाही. पण निघताना काकूंकडे गेले. त्या ओसरीतच होत्या.

"काढला का?" त्यांनी मी चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"नाही काकू. अजून नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी टोमणा नव्हता, किंवा होता, पण मी तसा ऐकला नाही.

"म्या तुमच्यापाई लेकाले सोडलं," त्या म्हणाल्या, "आन तुमाले एक झाड नाई तोडता येऊन राह्यलं."

मी बसले. त्यांनी पाणी दिलं. आभाळाकडे पाहून म्हणाल्या, यंदा लवकर येईल असं लोक बोलून राह्यले. मी म्हटलं, हो, तसंच ऐकलं. मग बस आली.

काल रविवारी फोन केला. तामसीकडे ढग आले आहेत. टेकूची लाकडं तुळईखाली उभी केली आहेत, तेवढं भावानं केलं. चुना कोरडा आहे, भावजयीनं पोत्यावर ताडपत्री घातली आहे. शिडी खणात लावलेलीच आहे. पिंपळ काढायचा आहे.